पावणेदोन वाराचे इंच

मी शाळेत गणित शिकवते, आणि माझी माय आता वाराचे इंच चुकते. एवढी गोष्ट लपवण्यासाठी गेल्या वैशाखात मी जे केलं, ते आठवलं की अजून कान तापतात.

माय मुरुडची. तिथं तिनं अख्ख्या गल्लीचं शिवण केलं. आता नांदेडला माझ्याकडे असते. बुद्धपौर्णिमेला विहारात घालायला आमच्या गल्लीतल्या बाया पांढऱ्या कापडाचा एकच तागा सामायिक आणतात आणि तो माय बेतते. दुकानदार मीटरनं देतो, मायचा सगळा हिशेब वारावर. झंपरला पाऊण वार, पोरींच्या झग्याला पावणेदोन. आधी वार मोठ्यानं बोलायचे, मग त्याचे इंच, मग खडूची रेघ. बेतायचं एक दिवस, कापायचं दुसऱ्या दिवशी, ही तिची रीत. एरवी ती माझ्या घरात पाहुण्यासारखी कडेकडेनं वावरते. तागा आला की घर तिचं असतं.

या खेपेला पहिल्याच झग्याला ती म्हणाली, "पावणेदोन वार, एक्याऐंशी इंच," आणि रेघ मारून मोकळी झाली.

पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. दोन वारांच्या बहात्तर इंचांतून पाव वाराचे नऊ वजा करायचे, त्रेसष्ट. मायनं नऊ मिळवले. पुढच्या झग्यांनाही तेच. दर झग्याला हातभर कापड जादा जाणार आणि शेवटच्या बाईला काहीच उरणार नाही, हे मला बसल्या जागी दिसलं.

तिथंच बोलायला हवं होतं. पण समोर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बसली होती. गणिताच्या बाईंची माय अर्धा वार चुकते, हे उद्या शाळेत पोचलं असतं. मी चहा ठेवायच्या निमित्तानं उठले.

दुपारी कूलरसमोर मायचा डोळा लागला. मी ओल्या फडक्यानं तिच्या रेघा पुसल्या, टेप लावला आणि नव्या मारल्या. अगदी तिच्यासारख्या, टोकाला जराशा वळलेल्या. वर्गात मी पोरांना चुकलेलं गणित खोडू देत नाही. खोडरबर दिसला तर काढून घेते. ते तेव्हा आठवलं नाही. उलट आपण किती गुणाची लेक आहोत, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाया जमल्या. मायनं कात्री उचलली, कापडावरून बोट फिरवलं आणि थांबली. कोऱ्या कापडाला खळ असते, हात लावला की कडक लागतं. मी पुसलं होतं तिथली खळ निघून कापड मऊ पडलं होतं. आयुष्यभर कोऱ्या कापडावर हात फिरवलेल्या बाईला हे कळणार नाही, असं मला वाटलं तरी कसं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तागा सरळ करायला लागले.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "काकू, माझ्या पोरीला पावणेदोनच ना? इंच किती व्हतील?"

मायच्या ओठांवर आकडा येईना.

मुरुडला मी लहान असताना गिऱ्हाईक बसलं की माय मला विचारायची, "सांग गं, अडीच वाराचे इंच?" मी अडले की ती गिऱ्हाइकाकडे पाठ करून नुसते ओठ हलवायची. मी "नव्वद" म्हणायचे आणि कौतुक माझं व्हायचं. ते आठवलं आणि मीही बायांकडे पाठ केली, मायकडे बघत ओठ हलवले. त्रेसष्ट.

"काय करून राहिलीस?" माय सगळ्यांदेखत म्हणाली. "मोठ्यानं बोल की. मला येत न्हाई आता ते."

शेजारीण लगेच म्हणाली, "व्हतं काकू. मला तर कधीच आलं न्हाई." बाया हसल्या. मायसुद्धा हसली. मग कापडावरच्या मऊ जागेवर बोट ठेवून तिनं हळूच विचारलं, "चुकलं व्हतं तर सांगायचं. पुसलंस कशाला?"

तिला वाचवायला, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं होतं. कोणाची लाज झाकत होते, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी पुटपुटले, "त्रेसष्ट."

"मोठ्यानं."

"त्रेसष्ट."

कात्री चालली. मग कापडामागून कापड ती वार बोलत गेली आणि मी इंच. माझ्या विद्यार्थिनीची आई कापडाचं टोक धरून बसली होती. तिच्याकडे बघून बोलायचा मला काही धीर झाला नाही. आवाज खाली गेला की माय कात्री थांबवायची आणि म्हणायची, "मोठ्यानं."