माशाचा दुसरा डोळा

फोन आला तेव्हा मी कोलाडच्या नाक्यावर कांद्याच्या गोणीसाठी घासाघीस करत होते. पलीकडून पेणजवळच्या हमरापूरचे भाऊजी बोलत होते, माझ्या थोरल्या नणंदेचे, कुसुमवन्संचे दीर. "शैलावैनी, आमची वैनी गेली ओ... जेवून जरा पडली, ती उठलीच नाय." मी गोणी टेम्पोत टाकायला सांगितली, नवऱ्याला, विलासला, कंपनीत फोन करून कळवलं, संध्याकाळच्या डब्यांचं शेजारणीला सांगितलं आणि पेणची गाडी धरली. मी रोह्यात धाटावच्या कंपन्यांतल्या शिफ्टवाल्यांना जेवणाचे डबे पुरवते. कुणी गेलं म्हणून दुसऱ्याची भूक थांबत नाही, हे मला रोजच्या कामानं शिकवलंय. त्यामुळे रडायचं त्या दिवशी राहूनच गेलं. आता काही आठवडे झालेत, तर बसून लिहिते आहे.

कुसुमवन्सं लग्न होऊन हमरापूरला गेल्या आणि गणपतीच्या कारखान्यात बसल्या. आधी सोंडेला रंग, मग पितांबर, मग दागिने असं करत त्या डोळ्यांपर्यंत पोचल्या. डोळे काढण्याच्या कामाला तिकडे आखणी म्हणतात, आणि आखणी करणाऱ्याला कारखान्यात मान असतो. बाकीचा रंग कुणीही मारावा, पण डोळे होईपर्यंत मूर्ती नुसती मातीच असते. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा वन्सं सकाळी उठून, चहाही न घेता, मूर्तींच्या रांगेसमोर बसल्या होत्या. चहानं हात हलतो, असं त्यांचं म्हणणं. डाव्या हाताची मूठ उजव्या मनगटाखाली धरून त्या श्वास सोडत आणि तो सुटता सुटता पापणीची रेघ ओढत. रांग संपली की मोठ्यानं म्हणत, "आता आणा चहा, बघतायत सगळे!" बघतायत म्हणजे गणपती. माणसांनी बघितलं न बघितलं, त्यांना त्याचं काही नव्हतं.

साठी ओलांडली आणि तो हात थरथरायला लागला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. थरथर कमी व्हायची, थांबायची नाही. कारखान्यात त्यांना कुणी काही बोललं नाही. एक दिवस त्या सकाळी जाऊन बसल्या तर रांगेतल्या सगळ्या मूर्तींचे डोळे आधीच काढून झालेले होते. वन्संच्या यजमानांच्या माघारी कारखाना भाऊजी बघत, पण त्यांना मी दोष देत नाही. माणूस बोलायला संकोचतो, आणि वाकड्या नजरेची मूर्ती कुणी घरी नेत नाही. वन्संनी त्या दिवशी एकही डोळा न काढता चहा घेतला आणि आठवड्याभरात पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. "चार दिस आलेय," म्हणाल्या. पिशवीत सगळ्या साड्या होत्या. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला.

त्यांना नुसतं बसवत नसे. चपात्या लाटायला घेत आणि त्यांच्या चपात्या रायगडच्या नकाशासारख्या होत. डब्यातली चपाती बघून धाटावचं एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "वैनी, आज नवीन बाई ठेवली काय? हिला समुद्र बरोबर जमलाय." मी ते वन्संना तसंच्या तसं सांगितलं. हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून पोळपाटाला हात लावला नाही... माझ्या मनात तसं नव्हतं. पण बाईचा हात जायला लागला की तिच्या मनाला काय काय लागतं, ते त्या वेळी मला नीट कळत नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या मागच्या मांडवावरचा दुधी कडू निघाला. कडू दुधी खाऊ नये, विषारी असतो, म्हणून मी वेल उपटायला निघाले तर वन्संनी अडवलं. "ऱ्हाऊंदे गो, वाळूंदे." त्यांच्या लहानपणी असे वाळलेले भोपळे पाठीला बांधून पोरं पोहायला शिकायची, बायका त्यात बी-बियाणं ठेवायच्या. भोपळे वेलीवरच वाळले, देठ सुकले, हलवले की आत बिया खुळखुळायला लागल्या. सालीवर काळी बुरशी धरली होती, ती वन्संनी भांडी घासायच्या तारेनं पाणी लावून घासून काढली. आत निघालं ते लाकडासारखं टणक, पिवळसर, गुळगुळीत. विलासची सोल्डरिंग करायची जुनी मशीन माळ्यावर पडून होती. रेडिओ दुरुस्त करायचा त्याचा नाद कधीच संपला होता. वन्संनी ती मागून घेतली, तिचं टोक तापवलं आणि भोपळ्यावर टेकवलं. जळका, कडवट वास सुटला. रेघ मात्र उमटली, आणि ती बरीच सरळ होती.

कुंचला हवेत धरावा लागतो, तिथे थरथर लपत नाही. इथे भोपळा मांडीवर फडक्याच्या चुंबळीत बसवायचा, मनगट त्याच्याच पोटावर टेकवायचं आणि सावकाश ओढत जायचं. फक्त थांबायचं नाही. थांबलं की काळा ठिपका पडतो. वन्संना हे अर्ध्या दिवसात कळलं आणि त्यांनी दुसरं काही न काढता थेट डोळे काढायला घेतले. पहिला डोळा सुरेख आला. मी हातातली कढई तशीच धरून बघत उभी राहिले. दुसरा फिसकटला. दुसरा भोपळा घेतला, पुन्हा तेच. तिसरा, तेच. पहिला शांत, भरलेला, आणि शेजारचा दचकल्यासारखा. एक दिवस त्यांनी भोपळा चुंबळीसकट अंगणात भिरकावला. मी विचारलं, "एक जमतो तर दुसरा का नाही जमत?" तेव्हा म्हणाल्या, "पयला काढताना कशाशी जुळवायचं नसतं गो. दुसऱ्याच्या टायमाला पयला माझ्याकडं बघत असतो."

मला सांत्वन जमत नाही. सुचला तो उपाय. मी म्हटलं, "मग मासा काढा. माशाला एका बाजूनं एकच डोळा दिसतो."

"मी गणपतीचं डोळं आखलेली बाई. मला बोंबील काढायला सांगतेस?"

"बोंबील नका काढू, पापलेट काढा. भरपूर जागा असते."

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीतून जळका वास आला.

मासे एकाहून एक निघाले. खवले, कल्ले, शेपटी, सगळं बारीक रेघांत. थरथर जिथे चुकवता येत नव्हती तिथे वन्संनी पाणी काढलं, हललेली रेघ लाटेत खपून गेली. पण एक भानगड होती. इतकी वर्षं हात एकच डोळा काढत आला होता. त्यामुळे पापलेट असो, सुरमई असो, प्रत्येक माशाला लांबट पापणीचा, अर्धा मिटलेला, भक्तांवर कृपा करणारा डोळा आला. विलासनं पहिला भोपळा बघून चक्क हात जोडले आणि मग स्वतःच लाजला. आमची नेहमीची कोळीण हिराबाई दारावर आली, तेव्हा मी तिला एक भोपळा दिला. तिनं तो उलटासुलटा केला. "अगो बाय, यो मासा माझ्याकडं असा का बगतंय? मोदक मांगतंय का काय?"

"मीठ ठेवा त्यात," मी म्हटलं.

"मीठ ठेवीन गो. पन याच्यासमोर कोयती कशी उचलू?"

वन्सं आतून इतक्या मोठ्यानं हसल्या की मला बरं वाटलं. हिराबाईनं तो भोपळा तिच्या टोपलीशेजारी बाजारात मांडला आणि मग बायका विचारत आमच्या दारी यायला लागल्या. कुणाला घरभरणीला हवा, कुणाला आखातातून आलेल्या मुलाबरोबर परत पाठवायला. डब्यातल्या आमटीला मात्र जळका वास यायला लागला, म्हणून मी त्यांना पडवीतून पार फाटकाजवळ हलवलं. तक्रार न करता गेल्या. तिथे येणारीजाणारी दिसतात, म्हणाल्या.

कौतुक झालं तरी त्यांचं मन कशात अडकलंय ते मला माहीत होतं. भोपळ्याच्या एका बाजूला मासा असायचा, पाठ कोरी. मी एकदा म्हटलं, पलीकडेही काढा की. तर म्हणाल्या, "मागचं कोन बगतो?" हे त्याच बाईनं म्हणावं, जी मूर्तीच्या पाठीवरचं जानवंसुद्धा नीट रंगवून घ्यायची! यंदा भाऊजी स्वतः आले. आखणीला माणूस कमी पडतोय, नव्या पोरांना शिकवायला तरी चल, म्हणाले. त्यांनी भिंतीवर टांगलेल्या भोपळ्यांवरचे मासे बघितले, मान खाली घातली आणि म्हणाले, "वैनी, ह्यो तुझाच डोळा हाय. कुठंपन वळखीन." वन्सं म्हणाल्या, "एकच हाय पन." आणि पिशवी भरली. या वेळी दोनच साड्या घेतल्या, म्हणजे परत यायचं होतं.

हमरापूरला त्या पोरांच्या मागे स्टूल टाकून बसत. हात लावत नसत, नुसतं "श्वास सोड, मग वढ" म्हणत. शेवटच्या दिवशी सकाळी रांग झाली, चहा झाला, दुपारी जेवल्या. बाकीचं वर आलंच आहे.

दिवसकार्य झाल्यावर मी आमच्याकडची त्यांची खोली आवरायला घेतली. खाटेखाली, चुंबळीवर, एक भोपळा होता. हमरापूरला जायच्या आधी त्या फाटकाकडे पाठ करून काहीतरी करत होत्या खऱ्या, पण डब्यांच्या गडबडीत मी बघायला गेले नाही. या भोपळ्यावर मासा काढलेला नव्हता. अख्खा भोपळाच मासा केला होता. देठाकडची निमुळती बाजू तोंड, पोटावरून दोन्हीकडे खवले, बुडाशी शेपटी. बाजूनं धरला तर नेहमीसारखा एक डोळा दिसतो, दुसरा पलीकडे राहतो. मी धूळ पुसायला तो फिरवला, तोंड माझ्याकडे आलं आणि दोन डोळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

मी खाटेवर बसले. मग ब्लाउजची मापं घ्यायची टेप आणून मोजलं, कारण मी मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. एक डोळा तांदळाच्या दाण्याएवढा खाली आहे. दोघांच्याही पापणीत बारीक थरथर आहे. काळा ठिपका कुठेच नाही.

तो भोपळा मी स्वयंपाकघरात, मसाल्याच्या फळीवर ठेवलाय, तोंड ओट्याकडे करून. चपात्या लाटताना मान वर केली की तो समोर असतो. विलास म्हणतो उजवा आधीचा, हिराबाई म्हणते डावा. मी रोज बघते. दुसरा कोणता, ते मला अजून ओळखता आलेलं नाही.