मंगळवारचा आणि शुक्रवारचा तास

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोर बसले तरी मनातल्या मनात विषय बदलते. चौथी शिकलेल्या बाईची वही कोण उघडणार? म्हणून लिहिते. आणि तरी तुला सांगितल्यासारखंच लिहिते. तू कोण ते मला माहीत नाही, बरंच आहे.

मी उचगावच्या एका शाळेत खिचडी शिजवते. सगळे म्हणतात, मावशी गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आताशा हे ऐकलं की डोकं फिरतं माझं. हे काय कौतुक झालं? दगडही कुणाच्या मध्यात नसतो.

दोन वर्षांमागं पोरींना स्वसंरक्षण शिकवायला एक मॅडम यायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी. पोरी एकमेकींचे हात धरून नुसत्या खिदळायच्या. मॅडम वैतागल्या आणि त्यांनी मला बोलावलं. पातेल्यात उलथनं फिरवून माझे हात दणकट, म्हणून धरणारी मी. मला लाजेनं मेल्यासारखं झालं, पण धरलं. मी मनगट आवळायचं, पोरीनं 'सोड' म्हणून ओरडायचं आणि माझ्या अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन सुटायचं.

सातवीतल्या पल्लवीला ते जमेना. काडीसारखी पोर. मग एका शुक्रवारी तिनं असा झटका दिला की माझी बांगडी फुटली. ती रडवेली झाली. मी म्हटलं, "फुटू दे की गं. समोरच्याला लागायलाच पायजे."

हे मीच म्हटलं होतं.

मॅडमनी सगळ्यांना आणखी एक बजावलं होतं, मलाही. 'सोड' ऐकू आलं की हातातलं टाकून बाहेर यायचं.

ऐकू आलं. एकदा दुपारी, तांदळाच्या खोलीकडून. मी खिडकीतून बघितलं. शाळेच्या कमिटीतला माणूस, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, त्यानंच मला हे काम लावून दिलेलं. त्यानं पल्लवीचं मनगट धरलं होतं. ती पुन्हा ओरडली. किती पावलं होती मधे? दहा? मी खिचडी हलवत राहिले. करपेल म्हणून? छे. चूल तर विझवलेली होती.

तिची तीच सुटली. झटका दिला, कोपर हाणलं, पळाली. त्याचा ओठ फुटला.

हेडमास्तरांसमोर तो म्हणाला, दंगा करू नको म्हटलं तर पोरगी अंगावर आली. पल्लवी म्हणाली, मावशींनी बघितलंय. मला बोलावलं. तो ओठाला रुमाल लावून खुर्चीत बसला होता. "वहिनी, सांगा की," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "आवाज आला व्हता, सर. मला वाटलं, सराव चाललाय."

सगळ्यांना पटलं! किती सोपं होतं. असल्या शिकवण्यानं पोरी शेफारतात, सरावाच्या नादात मोठ्या माणसावर हात टाकतात, असं ठरलं. तास बंद झाला. पल्लवीच्या वडिलांनी तिला त्याच्या पाया पडायला लावलं. वाकता वाकता ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, तुमी खिडकीतच व्हतासा की."

महिनाभरात तिला कुरुंदवाडला आत्याकडं धाडलं.

यंदा तास पुन्हा सुरू झालाय. नव्या मॅडम आल्यात. परवा हेडमास्तर त्यांना म्हणाले, आमच्या मावशींना घ्या, त्यांना सगळं ठाऊक आहे.

ठाऊक आहेच. पल्लवी ओरडली त्या दिवशी बुधवार होता. हेडमास्तरांच्या डोक्यावर भिंतीला कॅलेंडर टांगलेलं होतं. कुणी वर बघितलं नाही. मी बघितलं होतं, आणि मग बोलले.