दिगूचा चाळिसावा हिट

एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, डब्यात खोबरेल तेलाचा वास आला की मी ओळखायचे, दिगू चढला! हा सातारचा गडी बेसबॉलच्या हातमोज्याला खोबरेल चोळायचा, तेही भर डब्यात. समोरच्या आज्या नाक मुरडायच्या. "चामडं आहे ताई, त्यालाही मायेचा हात लागतो," असं वर मलाच ऐकवायचा.

स्टुटगार्टच्या आमच्या क्लबात तो करारावर खेळायचा आणि मी गुण लिहायला बसायचे. जर्मन नवऱ्याच्या नादाने लागलेलं वेड, दुसरं काय! तिसऱ्या वर्षी दिगूचा करार संपत आला. मोसमात चाळीस हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं, झाले तरच नवा करार, असं क्लबने स्पष्ट सांगितलं. करार नाही तर व्हिसाही नाही. दुसरा एखादा धास्तावला असता, हा पठ्ठ्या पेटला! सरावाला दोन तास आधी हजर, घसरून घसरून गुडघे सोललेले. मी काळजी केली की म्हणायचा, "सप्टेंबर लांब आहे ताई, आधी समोरचा चेंडू!"

सप्टेंबर आलाच. शेवटचा सामना आणि हिट एकोणचाळीस! आठव्या डावात दिगूने चेंडू हाणला, तो क्षेत्ररक्षकाच्या हातात बसला, निसटला, आणि दिगू बेसवर! मी किंचाळले आणि हिट लिहून मोकळी झाले. खरं तर समोरच्याने सोपा चेंडू सोडला तर ती त्याची चूक, फलंदाजाला हिट मिळत नाही. पण ते ठरवणार मीच होते ना!

डाव संपताच तो धापा टाकत माझ्या टेबलाशी आला.

"ताई, काय लिहिलंत?"

"हिट!"

"सोपा होता. त्याने सोडला. खोडा."

"अरे वेड्या, व्हिसा जाईल तुझा!"

"गेनाऊ, अगदी बरोबर, माझा जाईल. तुम्ही खोडा."

मी रागारागाने खोडलं.

नवव्या, शेवटच्या डावात पुन्हा त्याचा नंबर लागला. पहिल्याच चेंडूला बॅट अशी कडाडली की अख्खं मैदान उभं राहिलं. चेंडू उंच, उंच, थेट कुंपणापर्यंत! आणि तिथे एकाने पळत येऊन, उडी मारून तो झेलला.

ऑक्टोबरात त्याला विमानतळावर सोडायला मी गेले. रडू आवरत नव्हतं. "मी खोडायलाच नको होतं," एवढंच तोंडात. त्याचं लक्षच नव्हतं. हातातली बॅग खाली टाकून, डोळे मोठे करून म्हणाला, "पण ताई, शेवटचा कसला बसला होता! आवाज ऐकलात ना?"

"ऐकला रे बाबा," मी म्हटलं, "ऐकला!"