हेडसरांचं मातीचं नाक

आरती चावली होती नामदेवमामांना, पण जास्त दुखत होतं हेडसरांना. मामा शाळेचे शिपाई. ते दारात मनगट चोळत गप उभे होते. बोलत होते ते हेडसरच.

"मॅडम, तुमी शिकायला आलात, शिका. पण ही पोरगी अजून एकदा चावली की टीसी. तिच्या बापाला फोन लावतो, घेऊन जा म्हणतो."

मला कोणी मॅडम म्हटलं की मी अजून मागे वळून बघते. मी नांदेडला एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आखाडा बाळापूरच्या पुढे एक निवासी शाळा आहे, तिथे मी फील्डवर्कला जाते. फील्डवर्क म्हणजे पुस्तकात वाचलेलं माणसांवर करून बघायचं, आणि चुकलं तर कॉलेजच्या मॅडमना फोन करायचा.

टीसीचा अर्थ मला ठाऊक होता. आरतीचे आईबाप ऊसतोडीला गेले होते. घराला कुलूप. टीसी हातात पडली की ती थेट फडावर जाणार, तिथे मोळ्या बांधणार नाहीतर धाकट्या भावाला सांभाळणार. तिची शाळा तिथेच संपली असती. ती अकरा वर्षांची आहे.

"सर, मी आर्ट थेरपी चालू करू का?" मी भीत भीत विचारलं.

"म्हणजे चित्रकला?"

म्हणजे चित्रकला नाही. ज्या लेकराला आतलं बोलता येत नाही, त्याला रंग किंवा माती द्यायची. ते जे करेल त्याला छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, दुरुस्त तर अजिबात करायचं नाही. फक्त "हे काय आहे, सांगशील?" असं विचारायचं. मातीच्या माणसाला मारलं तरी चालतं. केलेली वस्तू त्या लेकराची. त्याला विचारल्याशिवाय ती कोणालाही दाखवायची नाही.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. हेडसरांनी चहा संपवला आणि म्हणाले, "करा. उद्या प्रार्थनेला सांगून टाकतो."

मी नको म्हणायला हवं होतं. पण हेडसरांना नको कसं म्हणतात, ते कोणत्याच पेपरला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माइकवर सांगितलं, "जे विद्यार्थी चावतात, मारतात, आदळआपट करतात, त्यांनी मधल्या सुट्टीनंतर स्टोअररूममध्ये थेरपीला जावं. तिथं माती भेटंल, रंग भेटतील. बाकीच्यांनी पाढे पाठ करावेत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाळेत चावाचावी सुरू झाली होती.

सहावीतली दोन पोरं स्टोअररूमच्या दारात आली. एकानं दुसऱ्याचा हात माझ्यापुढे धरला. "मॅडम, मी याला चावलो. बघा, दात उमटले."

"दुखलं का रे?" मी दुसऱ्याला विचारलं.

"न्हाई. मीच म्हणलो, चाव. आता मी याला चावतो, म्हणजे दोघं बी येतो."

त्यांच्यामागे रांग होती. वर्गात कधी वर मान न करणारी एक मुलगी रडवेली झाली होती. "मॅडम, मला कोणी चावूच देईना."

मी दार लावून कॉलेजच्या मॅडमना फोन केला. मॅडमनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाल्या, "पुस्तकात हे नाही. तू आरतीकडे लक्ष दे."

आरती कोपऱ्यात मांडी घालून बसली होती. पुस्तकात शाडू सांगितला आहे, पण आमच्याकडे नाल्याकाठची काळी माती होती. पोळ्याला बैल करायची सवय असल्यामुळे तिचा हात चांगला चालायचा. पण तिनं बैल केला नाही. माणूस केला. मोठं पोट, मिशा, डोळ्यांवर काडीचा चष्मा. मग पायातली चप्पल काढली आणि त्याला सपाट केलं. पुन्हा गोळा केला, पुन्हा माणूस, पुन्हा चप्पल. हे रोज चाललं. मी रोज विचारायची, "हे कोण आहे, सांगशील?" ती सांगायची नाही. मला चष्म्यावरून अंदाज आला होता, पण अंदाज बोलून दाखवायचा नसतो.

आठवडा संपता संपता हेडसर दार ढकलून आत आले.

"मॅडम, तुमची थेरपी बंद! चावणारी एक होती, आता अर्धी शाळा चावून राहिली. काहून? मामा, ऑफिसात सांगा, टीसी…"

ते थांबले. आरतीच्या एका हातात चप्पल होती, समोर पाटीवर माणूस. हेडसरांनी वाकून पाहिलं. स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कोण?"

मी म्हणाले, "सर, ते तिनंच सांगायचं असतं."

"मी तिलाच विचारून राहिलो."

"तुमी," आरती म्हणाली. इतक्या दिवसांत त्या खोलीत तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द.

नामदेवमामा दाराबाहेर सरकले.

"मी? मी काय केलं?"

"गेट लावलं. माय गेली तवा. मला दिसून राहिली होती, अन् तुमी गेट लावलं."

गेट पत्र्याचं आहे. लावलं की पलीकडचं काही दिसत नाही. आणि आरती संध्याकाळी, गेट लावायच्या वेळीच चावायची. मी हे इतक्या दिवसांत जुळवलं नव्हतं.

"गेट मी न्हाई लावलं, मामानं लावलं," हेडसर म्हणाले. चौकशी समितीपुढे बोलावं तसं.

"तुमी म्हणलात, लाव."

हेडसर खाली बसले. जमिनीवर, पांढऱ्या पँटसकट. पाटी स्वतःकडे ओढून घेतली.

"पण नाक माझं असं न्हाई," ते म्हणाले. "हे तर भज्यावानी झालं."

थेरपीत दुरुस्ती सांगायची नसते. मी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर हेडसरांनी मान बाजूला वळवली होती. "असं बघ. इथं जरा उंच हाय."

आरतीनं त्यांच्या नाकाकडे पाहिलं. चप्पल खाली ठेवली. ओलं बोट फिरवून नाक वर काढलं. बराच वेळ काढत होती. तास संपला तरी माणूस शाबूत होता.

"हे मी ऑफिसात नेऊ का?" हेडसरांनी विचारलं.

"ते तिला विचारा, सर."

हेडसरांनी अकरा वर्षांच्या पोरीची परवानगी मागितली. ती विचार करून म्हणाली, "न्या. पण पाडू नका."

त्या रविवारपासून भेटायला आलेले आईबाप वळणावरून दिसेनासे झाल्याशिवाय मामा गेट लावत नाहीत. शनिवारी सगळ्या शाळेला माती मिळू लागली आणि चावाचावी थांबली. माझ्या आईला मी फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "चिखल खेळायला नांदेडचं कॉलेज लागतं व्हय?"

आरती सुधारली, असं मी रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही. पुढच्या महिन्यात ती खोखोमध्ये एका पोराला चावली. मी धावत ऑफिसात गेले तेव्हा क्लार्क कपाटाशी उभा होता. "सर, टीसी काढू का?"

काळी माती वाळली की तडकते. टेबलावरच्या माणसाचं नाक पुन्हा गळून पडलं होतं. पडलं की सर आरतीला बोलावतात, ती नाक बसवते, आणि ते होईपर्यंत दोघं बोलत बसतात. आताही ती टेबलाशी उभी होती. बोटं ओली, गाल रडून फुगलेले. हेडसर मान बाजूला करून बसले होते.

"थांब जरा," ते क्लार्कला म्हणाले. "नाक अर्धं राहिलं. ते झाल्यावर बघू."

ते अजून झालेलं नाही. पुस्तकात शाडू का सांगितला आहे, ते आता मला कळलं. शाडूचं नाक टिकतं. आमची काळी मातीच बरी.