एस्तेरबाई रिटायर होतात

आमच्या घरी चार नातेवाईक जमले की पहिला चहा तब्येतीवर जातो आणि दुसरा आजीवर. एकानं एक किस्सा काढला की दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही!" अशानं ढीग झालाय नुसता. त्यातलेच हे थोडे.

आजी, म्हणजे एस्तेरबाई, नागपुरात एका दवाखान्यात नर्स होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. चर्चमधली अर्धी मंडळी तिच्याच हातावर जन्मलेली. एकदा कमिटीच्या मीटिंगमध्ये एक तरुण मेंबर टेबल आपटून ओरडायला लागला.

आजी शांतपणे म्हणाली, "उलटं धरून पाठीत चापट मारली, तवा तुह्या तोंडातून आवाज निघाला होता. आता मीच सांगून राहिली, कमी कर!"

मीटिंग पाच मिनिटांत संपली.

आजोबा गिरणीत कामाला होते. माणूस भला, पण जेवणाआधीची प्रार्थना लांबलचक. आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, सगळे यायचे. एकदा ते उमरेडच्या पाहुण्यांपर्यंत पोचले, तेव्हा आजीनं एक डोळा उघडला.

"आमेन म्हणा जी! बाकीचं देवाले माहीत आहे. वरण थंडं होऊन राहिलं, ते त्याले कोण सांगन?"

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लोक धान्य, भोपळे, अंडी आणायचे आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव व्हायचा. आजीनं एका वर्षी आमचा कोंबडा दिला. आम्ही नातवंडांनी भोकाड पसरलं, म्हणून आजोबांनी बोली लावून तो परत आणला. पुढच्या वर्षी आजीनं पुन्हा तोच नेला!

पाद्रीसाहेब हसून म्हणाले, "एस्तेरबाई, कोंबडा मागल्याच वर्षीचा दिसतो."

"हो. तुमचा आजचा संदेश बी मागल्याच वर्षीचा होता."

यथावकाश आजी रिटायर झाली. दवाखान्यानं हार घातला, फोटो काढला. सोमवारी सकाळी आजी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून वॉर्डात हजर!

मेट्रन म्हणाली, "अहो बाई, तुम्ही रिटायर झालात ना?"

"मी झाली. बाया थोड्याच झाल्या?"

पण चर्चमधलं काम सुटलं, ते मात्र तिला लागलं. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळ्यांना पाव आणि द्राक्षरस देतात, त्या प्रभुभोजनाचं टेबल वर्षानुवर्षं तीच लावायची. बेकरीतून पाव आणायचा, कडा काढून बारीक तुकडे करायचे, द्राक्षरस भरायचा, वर पांढरं कापड टाकायचं. मग वयानं हात थरथरायला लागले. एका रविवारी रस कापडावर सांडला आणि पाद्रीसाहेबांनी ते काम सुशीलाकडे दिलं. सुशीला सावनेरची, नुकतीच लग्न होऊन आमच्या मंडळीत आलेली. त्या दुपारी आजी जेवली नाही. पदर डोळ्यांना लावून बसली होती. मला फार वाईट वाटलं, पण तिच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती.

सुशीलाचा पहिला रविवार. पाद्रीसाहेबांनी कापड उचललं आणि थांबले. ताटात प्रत्येक तुकड्यावर लाल-हिरवी टुटीफ्रुटी! मागं कुणीतरी फिसकन हसलं.

सुशीलाला रडू फुटलं. "प्रभूचं जेवण म्हनून सगळ्यात चांगला पाव आनला जी."

पाद्रीसाहेबांनी पहिल्या रांगेतल्या आजीकडे पाहिलं. आता आजी काय बोलणार, म्हणून मी डोळेच मिटले. आजी काठी टेकत उभी राहिली.

"प्रभूनं भाकर घेतली असं लिहून आहे. फिकी घेतली असं कुठं लिहून आहे? वाटा!"

वाटली. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

उपासना संपल्यावर पाद्रीसाहेब हळूच म्हणाले, "एस्तेरबाई, पुढच्या वेळेपासून तुम्हीच बघा."

आजीनं सुशीलाकडे पाहिलं. ती रिकामं ताट पुसत उभी होती.

"नाही जी. तिलेच करू द्या."

पुढच्या प्रभुभोजनाला सुशीलानं साधा पाव आणला. कडा काढलेल्या, तुकडे सारखे, कापड पांढरंशुभ्र. आजीनं डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. मग मान वळवून, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "सुशे, आज ते लाल-हिरवं काहून नाही आनलं वं?"