कंपाउंडरकाकांचं टेंपे

एम.एस्सी.ला माझा विषय ठरला तेव्हा तो घरी कसा सांगावा हे मला कळेना. मी मुंबईला होस्टेलवर राहून अन्नरसायन शिकत होते. साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. आमच्या प्राध्यापक बाईंना एकच ध्यास होता, गरिबाच्या पोरांच्या पोटात प्रथिनं कशी जातील. त्यांनी कुठूनसा वाचून विषय काढला होता: जावा बेटावरची माणसं सोयाबीन शिजवून त्यावर एक बुरशी वाढवतात, दोन दिवसांत दाणे एकमेकांना चिकटून घट्ट पांढरी वडी होते, तिला टेंपे म्हणतात. ती तळून किंवा रश्शात घालून खातात. नाजूक पोटाच्या माणसालाही म्हणे ती पचते. का पचते, बुरशी कडधान्यात काय बदल घडवते आणि सोयाबीनच्या जागी आपलं एखादं कडधान्य चालेल का, हे मी शोधायचं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पनवेलला आले आणि आईला सांगून टाकलं.

"बुरशी?" आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "लोणच्यावर बुरशी दिसली की आपण बरणी उपडी करतो. आणि तू ती शिकायला दोन वर्षं घालवणार?"

तिचं चुकत नव्हतं. मलाही त्या बुरशीने तोवर रडवलंच होतं. बाईंनी परदेशातून मागवलेलं तिचं बी एका काचेच्या नळीत होतं. प्रयोगशाळेत मी चार वेळा सोयाबीन शिजवलं, बी लावलं, उबेच्या कपाटात ठेवलं आणि चारही वेळा बुळबुळीत, घाण वास मारणारा लगदा बाहेर काढला. कपाट सगळ्यांचं मिळून एकच होतं आणि त्यात कुणाचे कसले जंतू वाढत असत देव जाणे. शेवटी बाईच म्हणाल्या, "नळी घेऊन घरी जा. तुझ्या पनवेलच्या हवेत जेवढी ऊब आहे तेवढीच तिला लागते."

म्हणून मी स्वयंपाकघरातली एक फळी मागून घेतली. सोयाबीन आमच्या बाजारात कुणी पाहिलंही नव्हतं, ते मी मुंबईहून पिशवीत आणलं होतं. पहिला प्रयत्न केला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नासला. मी परसात बसून तो लगदा खड्ड्यात टाकत होते, तेवढ्यात कंपाउंडरकाका आले.

काका आमच्या आळीत दोन घरं सोडून राहत. बाजारातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ते औषधं बनवून देत, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून किती डोस ते दाखवून देत. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असे. काकांचा दवाखानाही शनिवारी त्यांच्याविना चाले. बोलायला अगदी कमी. ते लढाईत होते एवढं मला ठाऊक होतं, कुठे ते कधी विचारलं नव्हतं.

ते खड्ड्यापाशी उभे राहिले, वाकले, एक दाणा चिमटीत घेऊन दाबला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साल का नाही काढलीस?"

"कशाची?"

"सोयाबीनची. साल राहिली तर बुरशी आत कशी शिरणार? आणि पाणीही सुकवलेलं नाहीस. हे टेंपे करत होतीस ना?"

तो शब्द पनवेलमध्ये मला सोडून कुणाला माहीत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मी हात न धुता तशीच उभी राहिले.

मग ओट्यावर बसून, आईने दिलेला चहा पीत, काकांनी सांगितलं. लढाई संपल्यावर इंग्रजांनी त्यांची पलटण जावाला नेली होती. काका फौजी इस्पितळात मदतनीस होते. जपान्यांच्या छावण्यांतून सुटलेले कैदी तिथे यायचे, नुसती हाडं. पोटं इतकी बिघडलेली की उसळ दिली तर दाणे जसेच्या तसे बाहेर पडायचे. इस्पितळाच्या मागे एक जावानीज बाई राहायची. ती रोज टोपलीभर टेंपे आणून द्यायची. ते मात्र त्या माणसांच्या अंगी लागायचं.

"मी फावल्या वेळात तिच्या अंगणात जाऊन बसायचो," काका म्हणाले. "भाषा येत नव्हती. नुसतं बघायचो."

दुसऱ्या दिवशीपासून आमच्या घरी शिकवणी सुरू झाली. काका दवाखान्यातून दुपारी जेवायला जाताना आणि संध्याकाळी परतताना डोकावत. भिजवलेले दाणे हातांच्या तळव्यांत चोळून साल सोडवायची. शिजल्यावर पंच्यावर पसरून पंख्याने वारा घालायचा, दाणा हाताला कोरडा लागेपर्यंत. बी लावून झालं की केळीच्या पानात गुंडाळायचं, बोटापेक्षा जाड थर नको. पानाला काट्याने टोचून भोकं पाडायची. त्यावर मी विचारलं, "किती भोकं?" तर म्हणाले, "तिला मोजताना मी कधी पाहिलं नाही. श्वास घेता आला पाहिजे, पण वारा लागता कामा नये." हे मी वाचलेल्या कुठल्याही कागदात नव्हतं.

पुडी बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि पुडीवर त्यांनी हाताची मागची बाजू ठेवली, रुग्णाच्या कपाळावर ठेवतात तशी. "ताप चढलाय," ते म्हणाले. "आता हिला फळीवरून खाली काढ, थंड जागी ठेव. नाहीतर आपल्याच तापाने मरेल." मीही हात लावून पाहिला. पुडी खरोखरच कोमट झाली होती. तिसऱ्या दिवशी पान सोडलं तर आत पांढरीशुभ्र वडी, सुरीने कापली तर तुकडे सरळ पडले. वास ताज्या अळंब्यांसारखा. आई लांबून बघत होती. ती म्हणाली, "दिसायला तरी बरं दिसतंय."

सोयाबीन संपत आलं तेव्हा वालाची कल्पना आईनेच दिली, हे इथे सांगितलं पाहिजे. साल काढण्याचा मला कंटाळा येई. ती म्हणाली, "यात काय एवढं? वाल सोलतो तसंच तर आहे." आणि मग दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या भागातल्या बाईला मोड आलेले वाल सोलायला शिकवावं लागत नाही. बोलता बोलता परातभर डाळिंब्या होतात. वालाचं टेंपे दुसऱ्या खेपेला जमलं. आईने त्याच्या चकत्या आलं-लसणाचं वाटण लावून तव्यावर तळल्या. कोन गावाहून वाल घेऊन येणारी आगरीण दारात बसली होती, तिला एक दिली. तिने ती सावकाश चावली.

"ह्ये वालाचं नाय," ती म्हणाली. "तू मना फसवतंस, बाय. ह्ये मटान हाय."

त्या यशाने मी जरा हवेत गेले. वालाचं झालं, आता आणखी कशाचं होईल? एके दिवशी मी काकांच्या घरी गेले तर काकू नारळाचं दूध काढून चोथा टाकायला निघाल्या होत्या. त्यांच्यात मटणात गाईम्हशीचं दूध-दही चालत नाही, नारळाचं दूध घालतात, त्यामुळे चोथा भरपूर निघे. कोकणात सगळ्या घरांतून हा चोथा फुकट जातो. याचं टेंपे झालं तर बाई मला डोक्यावर घेतील! मी काकूंकडून वाडगाभर चोथा मागून आणला, वाफवला, बी लावलं, पानात बांधला. काकांना सांगितलं नाही. वडी तयार करून एकदम त्यांच्यापुढे ठेवायची होती मला.

ती वडी सगळ्यांत देखणी निघाली. रविवारी सकाळी आईने तवा तापत ठेवला, मी चकत्या कापल्या आणि काका-काकूंना बोलावून आणलं. काका पाटावर बसले, ताटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "वाल एवढे बारीक कशाने केलेस?"

"वाल नाहीतच," मी म्हणाले. "ओळखा."

काकूंनी हसत सांगून टाकलं, "माझ्या नारळाचा चोथा आहे."

काका उठले. त्यांना इतकं चटकन उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. "कुणी खाल्लं? वहिनी, तुम्ही चव घेतलीत? पोरी, तू?"

"नाही, अजून कुणीच नाही," आई घाबरून म्हणाली. "काय झालं, भावोजी?"

त्यांनी आमच्या दोघींची तोंडं निरखून पाहिली. खात्री झाल्यावर ताटली, सुरी, पान सगळं उचललं, परसात नेलं, चकत्या खोल खड्ड्यात पुरल्या आणि भांडी उकळत्या पाण्यात टाकायला लावली. स्वतःचे हात त्यांनी तीनदा धुतले. मग ओट्यावर बसले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

"तिकडे खोबऱ्याच्या पेंडीचं टेंपे करतात," ते शेवटी म्हणाले. "गरीब लोक. पेंड स्वस्त पडते. शंभर वेळा खाल्लं तर काही होत नाही. एकदा कधीतरी बुरशीबरोबर आणखी काहीतरी त्यात वाढतं. त्याला वास नसतो, चवही नसते. डोंगराकडच्या एका खेड्यातून बैलगाडीत घालून एक कुटुंब आणलं होतं. सकाळी जेवलेले. आम्ही होतं नव्हतं ते सगळं औषध दिलं. संध्याकाळपर्यंत गाडी हाकणारा तेवढा उरला, कारण तो त्यांच्याकडे जेवला नव्हता."

काकू पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. आईने तवा उतरवला.

"आपल्या वडीत ते असेलच असं नाही," काका म्हणाले. "कदाचित नसेलही. पण ते आपल्याला कळणार कसं?"

मी कॉलेजात परतले आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लायब्ररीतून जावातल्या डच वैद्यकीय मासिकांचे जुने अंक काढवले. त्यात या विषाची नोंद होती, खोबऱ्याच्या टेंपेवर डच डॉक्टरांनी लढाईच्या आधीच काम केलेलं होतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला हे वाचायला मी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आणि पुढच्याच आठवड्यात त्या एस.टी.ने पनवेलला आल्या.

दवाखान्यात गर्दी होती. बाई बाकावर रुग्णांच्या मध्ये बसल्या, वही उघडली. काका समोर उभे.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"नको, मी असाच बरा. आपण मोठ्या प्राध्यापक."

"तुम्ही बसल्याशिवाय मी एकही प्रश्न विचारणार नाही."

एका म्हाताऱ्याने सरकून जागा केली, तेव्हा काका बसले. बाईंनी तासभर विचारलं आणि लिहून घेतलं: पानं कोणती, दाणे किती वेळ भिजवायचे, बी पुढच्या खेपेसाठी कसं राखायचं. काकांनी जावातल्या खाडीकाठच्या एका झाडाची लवदार पानं सांगितली, त्यांच्या खालच्या बाजूला बुरशी धरून ठेवत. जे त्यांना माहीत नव्हतं तिथे ते सरळ "माहीत नाही" म्हणाले. शेवटी बाईंनी विचारलं, "तुमचं काम औषध देण्याचं. मग हे इतकं बारकाईने का पाहिलंत?"

काकांनी जरा विचार केला. "माझ्या हातचं औषध घेऊन माणसं मरत होती, बाई. आणि तिच्या हातचं खाऊन उठून बसत होती. मग बघायला नको का?"

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवलं.

कॉलेजातल्या उंदरांवर मी वालाचं टेंपे वर्षभर तपासलं. नुसते उकडलेले वाल खाणाऱ्या उंदरांपेक्षा टेंपे खाणारे चांगले वाढले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पानाला भोकं पाडण्याची पद्धत कोणत्या ग्रंथातून घेतलीत?" प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी तिथे नुसतं 'पारंपरिक पद्धत' लिहिलं होतं, कंपाउंडरचा दाखला कोण मानणार म्हणून. बाईंनी त्या शब्दांखाली लाल रेघ मारून ते पान परत केलं होतं. त्यामुळे पक्क्या प्रतीत काकांचं नाव होतं आणि मी ते मोठ्याने सांगितलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पनवेलकरांनी वालाचं टेंपे काही उचललं नाही. लोकांना वालाचं बिरडं पुरेसं होतं. आमच्या घरी मात्र महिन्यातून एकदा ते होत राहिलं आणि त्यातला निम्मा वाटा काकांकडे जाई.

काही वर्षांनी पनवेलमधली बेने इस्राएल घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. काकांचा मुलगा आधीच इस्राएलला गेला होता, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना वाळवलेल्या बुरशीची पूड दिली, त्यांच्याच दवाखान्यातल्या रिकाम्या बाटलीत. त्यांनी बूच नीट बसलंय का ते उलटं करून पाहिलं आणि बाटली काकूंच्या लुगड्यांच्या घडीत ठेवली.

पत्र थंडीत आलं. तिकडे फार गारठा, पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या, असं काकांनी लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी पुड्या फौजेतल्या जुन्या कांबळ्यात गुंडाळून शेगडीपासून हातभर लांब ठेवल्या तेव्हा जमलं. वाल मिळत नाहीत, पांढरे चणे वापरले. शेजारीण मोरोक्कोची आहे, तिची भाषा काकूंना येत नाही. पण ती रोज सकाळी येऊन खुर्ची ओढून बसते आणि काकू साल कशी काढतात ते बघत राहते.