अपॉइंटमेंटच्या सोबतीचे शब्द

माझं पोट इंग्रजी शब्दांच्या सोबतीवर चालतं. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मी यंत्रांची माहितीपुस्तकं तपासतो. कोणत्या नामाबरोबर कोणतं क्रियापद बसतं, कोणतं खटकतं, हे इंजिनियरांना कळवायचं, एवढंच काम. पण वर्षानुवर्षं हेच केलं की माणूस घरीही तसाच ऐकायला लागतो. समोरचा काय सांगतोय ते राहतं बाजूला, तो कुठे चुकला तेवढं कानात उरतं.

माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, इंदिरानगरमधल्या एका दातांच्या दवाखान्यात फोन घेण्याचं काम मिळण्यासारखं होतं. आठवडाभर येऊन करून बघा, शनिवारी सांगते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. अक्काने आजवर आईवडिलांचं केलं, घरी बसून ब्लाऊज शिवले. बाहेर जाऊन करायची ही पहिलीच नोकरी, आणि ती तिला मनापासून हवी होती. कन्नड, तमिळ, हिंदी आणि आमची अर्धीमुर्धी कन्नड मिसळलेली मराठी ती सारख्याच सहजपणे बोलते. इंग्रजी दुकानापुरतं यायचं, पण बेधडक बोलायची.

आदल्या रविवारी मी तिला स्वयंपाकघरात शिकवायला बसवलं. दवाखान्याचा सगळा कारभार अपॉइंटमेंट या एका शब्दाभोवती फिरतो, तो पक्का कर म्हणजे झालं, असं मी तिला सांगितलं. अपॉइंटमेंट बुक करतात, कन्फर्म करतात, कॅन्सल करतात. पेशंट ठरल्या वेळी आला तर त्याने ती कीप केली, नाही आला तर मिस केली. अक्काने पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आय विल पुट अपॉइंटमेंट."

पुट चालत नाही, मी म्हणालो. का चालत नाही, तिने विचारलं. माझ्याकडे कारण नव्हतं. या बाबतीत कुणाकडेच नसतं. इंग्रजी लोक तसं बोलतात, एवढंच.

"अरे, दात ठणकणारा माणूस फोन करणार. तो काय माझी परीक्षा घेणार आहे?"

मी हसलो नाही. पुन्हा म्हण, म्हणालो. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा अडवलं. शेवटी शेवटी क्रियापद यायच्या आधी ती थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मला वाटलं, सुधारणा होतेय.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली. चहा झाल्यावर तिने सांगितलं, कन्नड फोन ठीक जातात, पण इंग्रजी फोन आला की तोंडाला कुलूप लागतं. पलीकडच्यांना लाइन कट झाली असं वाटतं, ते फोन ठेवून देतात. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं होतं. इकडचे निम्मे पेशंट इंग्रजीच बोलणार अक्का, कसं करायचं, असं त्या म्हणाल्या होत्या.

हे मी केलं होतं. आधी ती चुकत बोलायची, पण बोलायची. बुधवारी ऑफिसात माझं कशात लक्ष लागेना. एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होतो, उठत होतो, पाणी पीत होतो. गुरुवारी सकाळी न राहवून मी जिन्यात गेलो आणि आवाज जाड करून दवाखान्यात फोन लावला. तिला निदान एक तरी सोपा फोन मिळावा, एवढीच इच्छा होती. खोटं नाव सांगितलं, दाढ दुखतेय म्हणालो, अपॉइंटमेंट मागितली.

"येस सर. आय विल..." आणि पुढे काहीच नाही. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. मला ती शांतता सोसली नाही.

"बुक," मी हळूच म्हणालो.

तिने आवाज ओळखला. मग दबक्या मराठीत म्हणाली, "तूच काय रे? ठेव फोन. डॉक्टर समोर उभ्या आहेत." आणि लगेच मोठ्याने, "सॅटर्डे इलेव्हन ओ'क्लॉक, सर."

संध्याकाळी तिने बजावलं की नाव लिहावंच लागलं, तेव्हा आता यावंही लागेल. नाही आलो तर भलत्याच माणसाला वेळ दिली, असं तिच्यावर येईल. "आणि तोंड उघडायचं ते फक्त डॉक्टरांसमोर," ती म्हणाली.

शनिवारी मी गेलो. अक्काने पुकारलेलं नाव माझं आहे हे मला दोनदा कळलं नाही. खुर्चीत आडवा झालो. तोंडात कापूस, ओठाला अडकवलेली नळी. अर्ध्या दारावरून अक्काचा आवाज स्पष्ट येत होता. फोन वाजला, पलीकडे कुणी इंग्रजी बोलणारी बाई असावी. अक्का थांबली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. दुखतंय का, डॉक्टरबाईंनी विचारलं. मला मान हलवता येईना.

"मॅडम, यू कम फाइव्ह ओ'क्लॉक," अक्का म्हणाली. "पेन टू मच? सॉल्ट वॉटर टेक, स्वल्प हॉट. आय टेल डॉक्टर. डोंट क्राय."

मग दुसरा फोन, तिसरा. तिचा आवाज मोकळा होत गेला. खुर्चीत पडल्या पडल्या माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ती वेळ देत होती, बदलत होती, पुढे ढकलत होती, पण अपॉइंटमेंट हा शब्दच तिने टाकून दिला होता. मी तिला त्या एका शब्दाची इतकी भीती घातली होती की ती त्याला वळसा घालून जात होती.

माझ्या दाढेला खरंच कीड निघाली. हातमोजे काढत डॉक्टरबाईंनी अर्ध्या दारातून अक्काला कन्नडमध्ये सांगितलं, सोमवारपासून नऊला या, संध्याकाळचंही तुम्हीच बघा. "सरी, मॅडम," अक्काने कन्नडमध्येच होकार दिला. माझ्या तोंडात कापूस होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्याला आता बरेच महिने झाले. अक्काचं छान चाललंय. कधी कधी पेशंट तिच्या मोबाइलवरही फोन करतात. मी घरी असलो की ती फोन घेऊन मागच्या गॅलरीत जाते. मी एक शब्द बोलणार नाही, असं तिला कितीदा तरी सांगून झालंय.

"माहीत आहे रे," ती म्हणते, आणि दार लावून घेते. मी दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतो. टीव्हीचा आवाज वाढवतो, म्हणजे तिचं बोलणं माझ्या कानावर पडणार नाही.